वहिनीची जुळणी

वहिनी माझ्या दुकानात आली ती फक्त फोन उचलायला. सतरा वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात होती, त्यातली शेवटची नऊ एका लाइनची सुपरवायझर म्हणून. कारखाना बंद पडला, शिलाईची मशिनं ट्रकमध्ये चढून कुठंतरी गेली आणि घरी बसलेल्या वहिनीने तीन आठवड्यांत घरातली सगळी कपाटं दोनदा लावून काढली. शेवटी दादाच मला म्हणाला, "हिला तुझ्याकडे बसव रे. नाहीतर उद्या ही मलाही घडी घालून वरच्या कप्प्यात ठेवेल."

माझं दुकान कॉम्प्युटर जोडून देण्याचं. पुढे काउंटर, मागे एक लांब टेबल, त्यावर उघडी मशिनं, स्क्रूच्या डब्या, वायरींचे गुंते. अकरा वर्षं मी हेच करत होतो आणि आपल्याला यातलं सगळं कळतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गिऱ्हाईक म्हणालं मशीन हळू चालतंय, की मी त्याला मोठा भाग सुचवायचो. मोठा प्रोसेसर, मोठं कार्ड. कुणाला फसवत नव्हतो मी, मला खरंच तसं वाटायचं.

वहिनी फोन उचलायची, नाव लिहून घ्यायची आणि मग एक प्रश्न विचारायची. "मशीन हळू आहे म्हणजे नेमकं काय करताना हळू आहे?" पलीकडचा माणूस गडबडायचा. मलाही कधी तो प्रश्न सुचला नव्हता. सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं. फोनवर बाई गप्पा मारते, एवढंच मला वाटलं.

एक दिवस सकाळी पायवाले काका आपल्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट दोन्ही हातांत धरून आत आले. आमच्या घरात त्यांना हेच नाव होतं. ज्या मुलांचे पाय अशक्त असतात, वाकडे असतात, त्यांच्यासाठी ते मापाचे आधार बनवायचे. पूर्वी ते प्लास्टरचे साचे घ्यायचे. आता मुलाच्या पायाचे सगळ्या बाजूंनी साठ-सत्तर फोटो काढायचे, कॉम्प्युटर त्यावरून पायाचा हुबेहूब आकार तयार करायचा, तो आकार एक कोरणारं मशीन फोमच्या ठोकळ्यात कोरायचं आणि त्यावर गरम प्लास्टिक ओढून आधार घडवला जायचा. तो आकार तयार व्हायलाच बेचाळीस मिनिटं लागायची. लांबून आलेल्या आया मुलाला मांडीवर घेऊन बाकावर बसायच्या, आणि दिवसाला तीन-चार मुलं झाली की बाकीच्यांना उद्या या म्हणावं लागायचं.

दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांना दुकानातलं सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं होतं. "काका, आता बघा, विमान होईल," असं म्हणालो होतो.

त्यांनी कॅबिनेट काउंटरवर ठेवलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "तुझं विमान धावपट्टीवरच आहे रे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. "बेचाळीसचं चाळीस झालं. दोन मिनिटं वाचली."

माझा चेहरा पडला. पण धंद्यातला माणूस लगेच हार मानत नाही. "काका, मग प्रोसेसर बदलू. सगळ्यात वरचा घालू."

"थांबा जरा, भाऊजी," काउंटरमागून वहिनी म्हणाली. ती उठून मागे आली. "काका, पायाचे फोटो आणलेत का सोबत? खरे, कामातले?"

काकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"मग ते काम आम्हाला इथं लावून द्या. मला बघायचंय."

काकांनी काम लावलं आणि एका स्टुलावर टेकले. वहिनीने दुसरं स्टूल ओढलं, वही उघडली आणि मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. मला म्हणाली, "ह्यात कोण किती काम करतंय ते दिसतं म्हणालात ना परवा? ते उघडा."

मी तो तक्ता उघडून दिला. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, ग्राफिक्स कार्ड, प्रत्येकाची एक रेघ, वरखाली होणारी. मी स्वतः हा तक्ता वर्षातून चार वेळा बघत असेन, तेही ओझरता. वहिनी मात्र त्याच्यासमोर चाळीस मिनिटं हलली नाही. चहा आला, गार झाला. ती दर अर्ध्या मिनिटाला वहीत आकडे उतरवत होती. मध्येच काकांना विचारायची, "आता हे काय चाललंय?" काका सांगायचे, आता ते फोटो एकमेकांशी जुळवून बघतंय, आता पायाचा पृष्ठभाग तयार करतंय. ती तेही लिहायची.

काम संपलं तेव्हा तिने वही माझ्यापुढे सरकवली.

"कारखान्यात लाइन अडली की मी आधी आरडाओरडा थांबवायचे आणि टेबलं बघायचे," ती म्हणाली. "जिच्यासमोर गठ्ठे साचलेत ती अडलीय. जिच्यासमोर टेबल रिकामं, ती बसून आहे. आणि ओरडा नेहमी बसलेलीलाच बसायचा, कारण तीच रिकामी दिसायची. हे तुमचं कार्ड बघा. चाळीस मिनिटांत तीन मिनिटं काम केलंय बिचाऱ्याने. बाकी वेळ बसून."

"मग काम कोण अडवतंय?"

"सांगा तुम्हीच. ही मेमरी पाचव्या मिनिटाला गच्च भरली. त्यानंतर ही डिस्क शंभरावर गेली ती शेवटपर्यंत खाली आली नाही."

मी बघत राहिलो. मेमरीत जागा संपली की कॉम्प्युटर उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसं परत आणतो, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. काकांची डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची. ती म्हातारी डिस्क घामाघूम होऊन सामान वाहत होती आणि मी शेजारी पैलवान आणून बसवला होता.

"काका," मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"चूक नंतर मोजा," वहिनी म्हणाली. "काका, चार दिवस मशीन आमच्याकडे राहू दे. चालेल?"

त्या चार दिवसांत आमचं तीनदा वाजलं. पहिल्यांदा कार्डावरून. ती म्हणाली, हे भारी कार्ड काढून घ्या, मधलं द्या, आणि त्या बदल्यात मेमरी आणि नवी वेगवान डिस्क घाला. मी उसळलो. "विकलेला मोठा माल परत घेऊन लहान द्यायचा? वहिनी, दुकान आहे हे. लोक काय म्हणतील?"

"माझ्या लाइनवर एक बटणवाली होती," ती शांतपणे म्हणाली. "तासाला ऐंशी शर्टांना बटणं लावायची, हात असे चालायचे की बघत बसावं. कॉलरवाली मात्र तासाला चाळीसच पाठवायची. साहेबांनी काय केलं, तर बटणांचं आणखी महागडं मशीन आणलं. तुम्ही त्या साहेबांसारखं बोलताय, भाऊजी."

दादा संध्याकाळी तिला न्यायला आला होता. तो दारातच थांबला, आमच्या दोघांची तोंडं बघितली आणि म्हणाला, "मी पानपट्टीवर जाऊन येतो." अर्ध्या तासाने परत आला तेव्हा मी मधलं कार्ड खोक्यातून काढत होतो.

दुसऱ्यांदा मेमरीवरून. मी सवयीने एकच मोठी पट्टी काढली. वहिनी मदरबोर्डकडे वाकून बघत होती. "इथं चार खाचा आहेत. दोन एका रंगाच्या, दोन दुसऱ्या. रंग कशाला दिलेत?"

"एका रंगाच्या दोन खाचांत एकसारख्या दोन पट्ट्या बसवल्या की दोन्ही वाटांनी एकदम माल जातो."

"मग तुम्ही एकच का काढलीत?"

"पुढे वाढवायला जागा राहते."

ती सरळ उभी राहिली. "म्हणजे दोन शिलाईची मशिनं असताना एकीलाच बसवायचं, दुसरी पुढच्या वर्षी येईल म्हणून?"

मी मोठी पट्टी परत ठेवली. एकसारख्या दोन पट्ट्या काढून बसवल्या. अकरा वर्षांत मी किती लोकांना एकच पट्टी बसवून दिली असेल, याचा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

तिसरं भांडण प्रोसेसरचं, आणि तिथंच मला खऱ्या अर्थाने तिचं पाणी कळलं. जुना प्रोसेसर नव्या भागांना पुरा पडणार नव्हता, हे दोघांनाही मान्य होतं. मी सगळ्यात वरचा काढला. तिने मधला मागितला. "दोन्ही लावून बघू," ती म्हणाली. एका दुपारी मी दोन्ही आळीपाळीने बसवले, तेच पायाचे फोटो, तेच काम. मधल्यावर नऊ मिनिटं लागली. वरच्यावर साडेआठ.

"अर्धं मिनिट कमी," मी म्हणालो.

"तक्ता बघा ना. मधला लावला तेव्हा प्रोसेसर आणि कार्ड दोघंही भरभरून चालत होते. वरचा लावला तेव्हा कार्ड अडलं आणि हा तुमचा वरचा मधून मधून हात चोळत बसला. मग कार्ड मोठं करायचं. मग वीज कमी पडेल. तुम्ही एका ठिकाणची अडचण काढाल, ती पुढच्या ठिकाणी जाऊन बसेल. मला कारखान्यात पहिली दोन वर्षं हेच कळत नव्हतं. वाटायचं, एकदा सगळं सुटेल. तसं सुटत नाही. कुठं थांबायचं ते ठरवावं लागतं."

हे ती उपदेश केल्यासारखं म्हणाली नाही. पट्टीने वहीत रेघा मारता मारता म्हणाली. मी तिच्या वहीकडे बघितलं. प्रत्येक भागापुढे दोन रकाने होते, घेतो किती आणि देतो किती. माझ्या दुकानातले भाग, मी रोज हाताळलेले, पण असे एका पंगतीत मी ते कधी बघितलेच नव्हते.

चाळीस मिनिटांचं काम नऊ मिनिटांवर आलं. काका मशीन न्यायला आले तेव्हा आम्ही त्यांच्यासमोर काम लावून दाखवलं. पाय पडद्यावर उमटला, टाच, घोटा, वळलेली बोटं. काका घड्याळाकडे बघत राहिले. मग वहिनीकडे वळून त्यांनी फक्त मान हलवली.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. फोन वहिनीनेच उचलला. मी समोर बसून बघत होतो. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"सकाळी नऊ मिनिटं लागतात म्हणे," फोन ठेवत ती म्हणाली. "दुपारपर्यंत पंचवीस."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात एक छोटा, कोता आनंद उमटला. बघ, शर्टांचं आणि कॉम्प्युटरचं गणित एक नसतं. मी तोंडाने म्हणालो, "मी जाऊन बघतो."

"नको, मीच जाते. जुळणी माझी आहे."

ती गेली ती दिवसभर आली नाही. चार वाजता मीच दुकान बंद करून काकांकडे गेलो.

त्यांची जागा म्हणजे तीन खोल्या. पहिलीत बाक आणि वाट बघणारी माणसं, दुसरीत काम, तिसरी अरुंद, जुन्या साच्यांनी भरलेली. कामाच्या खोलीत कोरणारं मशीन फोम खरवडत होतं आणि सगळ्या हवेत पिवळट भुकटी तरंगत होती. वहिनी टेबलाखाली गुडघ्यावर बसली होती. केसांवर, भुवयांवर, नाकावर भुकटी. मला बघून ती हसली, पण ओशाळून.

"या, बघा माझी अक्कल," ती म्हणाली.

काकांनी भुकटी जाऊ नये म्हणून कॅबिनेटसाठी टेबलाखाली एक लाकडी खोका करून घेतला होता, पुढून-मागून बंद. त्यातूनही भुकटी आत जायचीच. हवेच्या जाळीवर तिचा थर घोंगडीसारखा बसला होता. आत हवा नाही, प्रोसेसर तापायचा, आणि तापला की जळून जाऊ नये म्हणून स्वतःच वेग कमी करायचा. सकाळी गार, म्हणून नऊ मिनिटं. दुपारी भट्टी, म्हणून पंचवीस.

"मी मशीन मोजलं," वहिनी म्हणाली, "पण ते कुठं बसणार ते मोजलं नाही. आपल्या दुकानात ते उघड्या टेबलावर, पंख्याखाली चालत होतं. नऊ वर्षं मी मुलींना सांगायचे, सकाळच्या गारव्यातल्या आकड्यांवर जाऊ नका, उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी तीनला मोजा. आणि स्वतःच विसरले."

मघाचा तो कोता आनंद कुठल्या कुठे गेला. मी अकरा वर्षांत माझी चूक इतक्या सरळ शब्दांत, गिऱ्हाइकासमोर, कधी बोललो नव्हतो. चुकीचं कार्ड दिल्यावर बोललो होतो तेही अंगाशी आल्यावर.

"आता? मोठा पंखा लावू? पाण्याने गार करायची व्यवस्था असते, ती बसवू?" मी विचारलं.

"काही बसवायचं नाही." तिने तिसऱ्या खोलीकडे बोट दाखवलं. "भिंतीला भोक पाडायचं. मशीन पलीकडे, पडदा आणि कीबोर्ड इकडे. काकांना विचारलंय मी. तिथं भुकटी नाही, सावली आहे. वायरी लांब लागतील, तेवढ्या आणा."

भोक काकांनीच पाडलं. त्यांच्याकडे ड्रिल होतंच, आणि हात सराईत. मी दुकानातून लांब वायरी आणल्या. वहिनीने ब्रशने प्रोसेसरवरच्या पंख्याचं पातं न् पातं साफ केलं, जाळी धुऊन वाळवली. जुने साचे एका बाजूला रचून आम्ही कॅबिनेट खिडकीपासून हातभर अंतरावर, चार विटांवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा तिथं गेली आणि संध्याकाळपर्यंत बसली. सकाळी नऊ मिनिटं, भर दुपारी तीन वाजता नऊ मिनिटं, पाच वाजताही नऊ.

संध्याकाळी मी तिला न्यायला गेलो. काका खुशीत होते. "आता आणखी खाली आणता येईल का हो?" त्यांनी तिला विचारलं. "सहा मिनिटं? पाच?"

"येईल," वहिनी म्हणाली. "पण कशाला? फोटो काढून झाले की तुम्ही फोमचा ठोकळा कापता, मशीनवर चढवता, घट्ट करता. आज मी पाच वेळा मोजलं. तुम्हाला दहा मिनिटं लागतात. नऊ मिनिटांत आकार तयार. आता कुणी कुणासाठी खोळंबत नाही. ह्यापुढे खर्च केलात तर मशीन तुमची वाट बघत बसेल."

काका मोठ्याने हसले. "म्हणजे आता लाइनमध्ये मीच मागे!"

"तुमचा वेग मी वाढवणार नाही. तुमचे हात आहेत तसे राहू देत," ती म्हणाली. हे तिने असं म्हटलं की काकांचं हसू थांबलं आणि त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. प्लास्टिक ओढून ओढून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

त्या दिवशी त्यांनी सात मुलांचे आधार पूर्ण केले होते. उद्या या असं कुणालाच सांगावं लागलं नव्हतं.

परत येताना रस्त्यात मी वहिनीला म्हणालो, "उद्यापासून फोन मी उचलतो. तू मागच्या टेबलावर बस."

"फोन मलाच उचलू द्या," ती म्हणाली. "अर्धं काम तिथंच होतं. टेबलावर मात्र बसते."

त्यानंतर माझं दुकान बदललं, असं लोक म्हणतात. पाटी तीच आहे. पण आता कुणी मोठं कार्ड मागायला आलं तर आधी त्याला खुर्ची मिळते आणि मग प्रश्न. काही गिऱ्हाइकं वैतागून निघून जातात. एक गाणी रेकॉर्ड करणारा माणूस तर म्हणाला, "मला भाग हवाय, मुलाखत नकोय." तो आठ दिवसांनी परत आला. माझ्याच धंद्यातले दोघे-तिघे अडलेली मशिनं घेऊन वहिनीकडे येतात, आणि येताना मला चोरून नमस्कार करतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसतो आणि माझीही एक वही आहे. तिच्याइतकं नेटकं मला अजून जमत नाही. ती चाळीस मिनिटं न हलता बघू शकते, माझं लक्ष बाराव्या मिनिटाला चहाकडे जातं.

परवा काकांकडच्या मशीनची जाळी बदलायला आम्ही दोघं गेलो होतो. मी तिसऱ्या खोलीत काम करत होतो. बाहेर एक पाच-सहा वर्षांची मुलगी नुकताच तयार झालेला आधार घालून बाकापासून दारापर्यंत चालून बघत होती. तिची आई हात पुढे करून मागे मागे. काका खाली बसून पावलाकडे बघत होते. मुलगी तीन वेळा गेली आणि आली, सगळे खूश झाले, आईने पिशवी उचलली.

"काका," दारात उभी असलेली वहिनी हळूच म्हणाली, "वळताना ती डाव्या पायाची टाच उचलतेय का हो? जाताना नाही. फक्त वळताना."

काकांनी मुलीला पुन्हा चालायला लावलं. वळताना बघितलं. मग आधार काढून घेतला, घोट्याजवळची कड अंगठ्याने चाचपली आणि ती घासायला कानस उचलली.